रक्ताचा थेंब न सांडता युद्ध: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

भांडणाची खुमखुमी आहे, पण सीमेवर जायची तयारी नाही? मग जाहिरातयुद्ध तुमच्यासाठीच आहे. इथे कुणी मरत नाही, आणि खर्च शेवटी गिऱ्हाईक भरतं.

साहित्य: साबण, शीतपेय किंवा विमान यांपैकी काहीही एक, भरपूर पैसा, एखादा लोकप्रिय चेहरा आणि एक बरा वकील.

१. शत्रू आपल्यासारखाच निवडा. चिकूवाला आणि कांदेवाला एकमेकांशी भांडत नाहीत. दोन बाटल्यांतलं पेय जितकं सारखं, तितकं युद्ध तुंबळ.

२. माल मागे ठेवा, माणूस पुढे करा. अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये घरच्या अंगणात कपडे धुण्याची पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. ही निरमा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. पुढे ती सर्फला जड जाऊ लागली, तेव्हा अॅलेक पदमसी या जाहिरातकारांनी सर्फच्या जाहिरातीत ललिताजी उभी केली. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी हुज्जत घालणारी ही गृहिणी कविता चौधरींनी रंगवली. अशी चिकट बाई महाग पावडर घेते म्हटल्यावर महाग पावडर घेणं उधळेपणाचं उरलं नाही, शहाणपणाचं झालं. डब्यातली पावडर होती तीच राहिली.

३. मान दुसऱ्याला मिळाला, तर मानाचीच टर उडवा. १९९६च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत पेय होण्याचा मान कोका-कोलाने पैसे मोजून घेतला. पेप्सीने सचिनला घेऊन 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत धमाल उडवली. पैसे एकाचे गेले, लक्षात दुसरा राहिला.

४. चवीवर विसंबू नका. डोळे बांधून पाजलेल्या घोटांत लोकांना गोड चव जास्त आवडते, असं पाहून कोका-कोलाने एप्रिल १९८५मध्ये अमेरिकेत आपली जुनी चवच बदलली. डोळे उघडे असलेल्या लोकांनी इतका गहजब केला, की जुनं पेय जुलैत परत आणावं लागलं. लोक नुसतं पेय पीत नसतात, बाटलीवरचं नावही पीत असतात.

५. कायदा पाळा, तो फारसा जाचक नाही. उजाला आणि रॉबिन ब्लू या निळींचा वाद कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. तिथे निघालेलं सूत्र पाठच करा: आपला माल जगात सर्वोत्तम, असं खुशाल सांगा, ते खरं नसलं तरी चालेल. दुसऱ्यापेक्षा चांगला आहे, असंही म्हणा. फक्त दुसऱ्याचा माल वाईट आहे, असं म्हणू नका.

ज्यांनी हे पाठ केलं नाही, त्यांचा धडा २०१०चा. रिनच्या जाहिरातीत बसथांब्यावर दोन आया मुलांची वाट पाहताहेत. एकीच्या पिशवीत रिन, दुसरीच्या पिशवीत टाइड. पाकिटं नावासकट दिसताहेत. रिनवाल्या मुलाचा शर्ट झगझगीत पांढरा, दुसऱ्याचा मळकट. वर रिनवालं पोरगं आईला विचारतं, आंटी का चमकल्या? प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि ही जाहिरात थांबवावी लागली.

६. खरी शस्त्रं हाती आली, तर गोंधळू नका. १९८९मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारात पेप्सीच्या वाट्याला पेयाच्या मोबदल्यात १७ जुन्या पाणबुड्या आल्या. कोका-कोलावर हल्ला वगैरे काही झाला नाही. पाणबुड्या भंगारासाठीच होत्या.

७. शत्रूच्या डोक्यावर बसा, अगदी शब्दशः. २००७मध्ये मुंबईत जेट एअरवेजचं होर्डिंग लागलं: आम्ही बदललो. त्याच्या वर किंगफिशरने लावलं: आम्हीच त्यांना बदलायला लावलं. त्याच्याही वर गोएअरने लावलं: आम्ही बदललो नाही. खालून जाणाऱ्यांची फुकट करमणूक झाली, आणि जाहिरातवाले आजही त्या होर्डिंगचा फोटो कौतुकाने दाखवतात.

किंगफिशरची विमानं २०१२मध्ये थांबली, जेटची २०१९मध्ये आणि 'गो फर्स्ट' हे नवं नाव घेतलेल्या गोएअरची २०२३मध्ये. तेव्हा जाहिरातयुद्ध जरूर करा, पण होर्डिंगचं भाडं भरण्याआधी इंधनाचं बिल चुकतं करा.