नंबर सांगा, पॉइंट घ्या

कोथिंबिरीची जुडी घेतली तरी काउंटरवरची मुलगी आधी मोबाइल नंबर विचारते. मॉलमधल्या गोंगाटात तो खणखणीत आवाजात सांगावा लागतो, म्हणजे मागची अख्खी रांग ऐकते. बदल्यात चार पॉइंट. पंचवीस पैशांना एक धरला तर आपली खासगी माहिती एका रुपयाला गेली. आणि तो रुपयाही पाचशे पॉइंट साठल्याशिवाय हाती लागत नाही. साठेपर्यंत आधीचे बाद!

दुकानाला मात्र सगळं कळतं. तुम्ही साखर कधी सोडली, पुन्हा कधी धरली, घरात पाळणा कधी हलला, डायपरचा साइझ कधी बदलला. शेजारच्या काकूंनाही एवढी खबर नसते, आणि त्या निदान चहा तरी पाजतात.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं, मोबाइल नंबरची सक्ती करू नका. ऑगस्टमध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही मंजूर झाला. गरजेपुरतीच माहिती घ्यावी, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, डेटाच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. काउंटरवर त्याचं उत्तर तयार असतं : ‘सर, नंबराशिवाय सिस्टिम पुढेच जात नाही.’ सिस्टिमपुढे संसदेचं काय चालणार?

पुढच्या वेळी ‘नंबर देणार नाही’ एवढंच म्हणा आणि शांत उभे राहा. बहुतेक वेळा बिल निघतं.