हं, तिथंच!

पाठीत उसण भरली की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी पायाळू माणूस शोधतात. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, याबद्दल जुन्या मंडळींना तिळमात्र शंका नसते. आमच्या वाडीत असा एकच गृहस्थ होता. एरवी त्याला कुणी फारसं विचारत नसे. पावसाळ्यात तर त्याच्या शेजारी उभं राहायलाही लोक बिचकत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. पण कुणाची कंबर धरली की त्याला सन्मानाने बोलावणं जाई. आधी चहा, मग लाथ. अर्थात लाथ म्हणायचं नाही, 'पाय लावणं' म्हणायचं. वयस्कर माणूस पालथा पडलेला असला की हा आधी त्याला वाकून नमस्कार करी आणि मग त्याच्याच कमरेवर पाय देई.

गंमत म्हणजे गुण यायचा. येणारच! साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण जाते. मधल्या काळात जो कुणी पाठीला हात किंवा पाय लावेल, श्रेय त्याचं. हल्ली मात्र ही वैद्यकी अडचणीत आली आहे. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी तीन-चार पायांकडून यायच्या बेतात असतात, पण त्यांतल्या बहुतेकांना आता सिझेरियन करून बाहेर काढतात. असं मूल पायाळू धरायचं की नाही, यावर जाणत्यांचं एकमत झालेलं नाही.

पायाळूच्या खालोखाल मान मालिशवाल्याचा. त्याचं निदान ठरलेलं असतं: 'नसेवर नस चढलीय.' शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसा अशा एकमेकींच्या खांद्यावर चढत नाहीत. स्नायू आखडलेला असतो आणि बोटाला तो दोरीसारखा लागतो, एवढंच. पण 'स्नायू आखडलाय' म्हटल्यावर पेशंटला जे समाधान मिळत नाही, ते 'नस चढलीय' मध्ये मिळतं. चढलेली वस्तू उतरवता येते ना!

या विद्येची खरी विद्यापीठं म्हणजे तालमी. कोल्हापूरच्या गंगावेशीत किंवा मोतीबागेत जोर-बैठका आणि लढती झाल्या की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडायला बसतात. पालथ्या पडलेल्या गड्याच्या मांडीवर दुसरा भिंतीला हात टेकून उभा राहतो आणि टाचेने गुडघ्यापासून वर सरकत जातो. खालचा गडी हूं की चूं करत नाही. मध्येच फक्त 'हं, तिथंच!' म्हणतो. जगातल्या कुठल्याही मालिशमधलं मुख्य वाक्य हेच असावं. दुखणाऱ्या जागेवर नेमका अंगठा पडल्याचा आनंद काही वेगळाच.

आता हे रगडल्याने नेमकं होतं काय? 'व्यायामाने साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं,' असं जिममधला कुणीही सांगेल. ते तसं नाही. लॅक्टिक ॲसिड तासाभरात आपणहून ओसरतं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीकसारीक इजेमुळे. मालिशने तो ठणका थोडा कमी जाणवतो, हे मात्र खरं. त्याचं एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं. मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं. चोळण्या-दाबण्याच्या संवेदना तिथं आधीच दाटीवाटीने उभ्या असल्या की दुखण्याला आत शिरायला जागा राहत नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बोरिवलीला चढू पाहणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. ढोपर आपटल्यावर आपण आपसूक ते चोळतो, तेव्हा हेच फाटक लावून घेत असतो.

पण गर्दी पांगली की दुखणं पुन्हा दारात हजर. कंबरदुखीत मालिशचा फायदा बहुतेक थोड्या काळाचाच असतो, असं अभ्यासही सांगतात. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट मालिशवर थांबत नाहीत. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर निघाली. लुळ्या पडलेल्या पायांकडून पुन्हा काम करवून घ्यायचं, ही तिथली निकड होती. नुसत्या तेलाने ते थोडंच भागणार?

माझा खांदा आखडला तेव्हा ज्या मॅडमकडे गेलो, त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. मधुमेहींना हा त्रास जास्त, हे त्यांनी माझ्या पोटाकडे बघत सांगितलं. खांद्याच्या पात्याखाली अंगठा रोवून म्हणाल्या, "काका, दुखतंय?"

"छे."

"मग तोंड असं का केलंत?"

पाच-दहा मिनिटं दाबून झाल्यावर मला वाटलं, सुटलो. तर त्यांनी भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंत चढायची, हात जाईल तिथं पेन्सिलीची खूण करायची, उद्या खूण वर गेली पाहिजे. रोज तीनदा. घरी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्यावर बायकोने नातवाला रागे भरलं. मीही काही बोललो नाही.

माझं मत विचाराल तर मालिश आपल्याला इतकी प्रिय आहे, कारण तिच्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. पडून राहायचं, कण्हायचं, पैसे द्यायचे. व्यायाम सांगणारा माणूस त्या मानाने दुष्ट वाटतो. पण खांदा वर नेला तो त्या रेघांनी. अंगठ्याने फक्त रेघा मारण्याइतपत सुसह्य केला. तेही काम लहान नाही. ज्याला दुखतंय म्हणून हात हलवता येत नाही, त्याला हात हलवायची हिंमत मिळणं मोठीच गोष्ट.

तेव्हा मालिश खुशाल करून घ्या. तेल महानारायण असो नाहीतर साधं तिळाचं, भांडण नाही. पण पडल्यामुळे कोपर सुजलं असेल, विशेषतः घरातल्या पोराचं, तर तेलाची बाटली आजीच्या हाती लागू देऊ नका. दुखावलेलं कोपर जोरात चोळलं तर आसपासच्या स्नायूतच हाड धरू लागतं आणि हात कायमचा अडकू शकतो. हाडांचे डॉक्टर हे सांगून थकले आहेत. तसंच अचानक एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तीही चोळू नका. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी मालिशवाला नको, पायाळू तर नकोच. सरळ दवाखाना गाठा.