गेट तेच, मालक नवा

अहो वहिनी, थोडा सांबार द्या न इकडून, भाजीवर टाकायचा राहिला. आणि काय हो, तुमचा धाकटा कोनसरीला नव्या नोकरीवर चालला म्हणे? ह्यांच्या कानावर आलं, तेव्हापासून घरात प्रवचन चालू आहे. "तिसरी कंपनी! आमच्या वेळी माणूस एका गेटमधून आत गेला, की रिटायर होऊनच बाहेर यायचा."

मी म्हटलं, बाप्पा, तुम्ही तरी कुठं एका मालकाकडे राहिले? १९८३ मध्ये आवारपूरला लागले तेव्हा कंपनी एल अँड टीची. २००४ मध्ये सिमेंटचा धंदा बिर्लांकडे गेला, नाव पडलं अल्ट्राटेक. हे त्याच गेटमधून जात राहिले, त्याच किल्नवर, डब्यात तीच वांग्याची भाजी. पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदललं. आपल्या गडचांदूरच्या माणिकगडचंही तेच न. सेंच्युरीचा कारखाना, २०१९ मध्ये तोही अल्ट्राटेकात गेला. उपरवाहीचा अंबुजा २०२२ पासून अदानींचा. वीज मंडळाची नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ म्हणायचे लोक. २००५ मध्ये मंडळाचेच तुकडे झाले, दुर्गापूरच्या पॉवर हाऊसवाले महानिर्मितीत गेले. माणूस हलला नाही जी, मालकच उठून गेला. पण त्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तू काऊन टिकला नाही एका जागी?

आणि टिकतात ते काय सगळे प्रेमापोटी टिकतात? माझा भाऊ पाहा न, सास्तीकडचा. कोळशाच्या खाणीत शेत गेलं, तेव्हा डब्ल्यूसीएलची नोकरी मिळाली. दोन एकराला एक नोकरी, असा त्यांचा हिशोब. म्हणजे नोकरी हेच त्याचं शेत. तो कसा सोडेल? रात्रपाळी करून आला की अंगणात बसून मातीकडे पाहत राहतो. लोक म्हणतात, किती इमानदार माणूस.

तुमच्या पोराचं तर वेगळंच. परवा तुमच्या देवघराशेजारच्या खिळ्यावर पाहिलं मी, तीन गेटपास लटकलेले. फोटो एकच, तो निळ्या शर्टातला, आणि वर ठेकेदाराचं नाव तीनदा वेगळं. त्यातले दोन तर एकाच प्लांटचे! आयटीआय केलेला फिटर, पोरगा जागचा हलला नव्हता, ठेका तेवढा दुसऱ्याला गेला होता. मग त्याला 'टिकत नाही' म्हणायचं कोणत्या तोंडाने? कोनसरीला कंपनीच्या रोलवर घेत असतील तर जाऊ द्या. सुरजागडचं लोहखनिज तिथं येते, आष्टीच्या पुलापलीकडे आता नुसती ट्रकांची रांग. लांब आहे, मान्य. पण पोरीकडचे पहिला प्रश्न काय विचारतात? "परमनंट आहे का?" आता मुलाचा स्वभाव मागून विचारतात.

फक्त एक सांगा त्याला. प्रत्येक ठेकेदार फंडाचा नवा नंबर काढू पाहतो, तसं करू द्यायचं नाही. यूएएन एकच ठेवायचा, जुना फंड त्यात वळता करायचा. आणि मोबाईल घ्यायला काढायचा तर मुळीच नाही! दहा वर्षांची नोकरी जोडून भरली तरच पेन्शन लागते, मग मालक कितीही होवोत. ग्रॅच्युइटी मात्र आपण नोकरी बदलली की नव्याने मोजतात. एकाकडे पाच वर्षं झाल्याशिवाय ती कायम माणसाला मिळत नाही. चार वर्षांनी उडी मारली की सगळं पाण्यात. ह्यांना मिळाली न, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, छत्तीस वर्षांचा. हा वरचा मजला त्यातच चढला. पेन्शनचं मात्र विचारू नका. पगार कितीही असला, ह्यांच्या हिशोबात पंधरा हजारांच्या वर धरला नाही, आणि २०१४ च्या आधीचा तर साडेसहा हजारच धरला. ह्यांच्या हातात महिन्याला साडेतीन हजार पडतात. त्यात सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या. म्हणून म्हणते, टिकण्याचं कौतुक ह्यांनी करावं, पण पासबुक उघडून करावं.

असं बोलले तर रागावले. जेवले नाहीत नीट. आणि रात्री, मी झोपले समजून, कूस बदलून विचारतात कसं, "कोनसरीला स्पंज आयर्नचा प्लांट आहे म्हणे. त्यालाही किल्नच लागते. केवढी आहे, त्या पोराला विचारशील का? रिटायर माणसं घेतात का तिकडे?"