टाकीला तडा, योजनेत नाव नाही

वाशीम जिल्ह्यात संडास बांधणाऱ्याचा सत्कार होतो, तो नीट ठेवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. २०१४ साली सायखेड्याच्या एका बाईनं मंगळसूत्र मोडून घरी संडास बांधला. पेपरात बातम्या आल्या, तेव्हाच्या ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा गौरव केला. रास्तच होतं ते. पण आज एखादीनं फ्लशची तडकलेली टाकी बदलायला कानातलं मोडलं, तर मंत्री राहू द्या, शेजारीणच म्हणेल, "येडी झाली काय व बाप्पा! बालटीनं टाक ना पानी!"

सरकारचंही मत शेजारणीसारखंच आहे. स्वच्छ भारतचे १२,००० रुपये मिळतात ते बांधायला. भांडं, शोषखड्डे, दार, हात धुण्यापुरती पाण्याची सोय, आणि लाभार्थ्याचा दारासमोर उभं राहून फोटो. फोटो चढला की संडास पूर्ण. नंतर काय तडकलं, काय तुंबलं, याला रकानाच नाही. पहाटे शिट्ट्या फुंकत फिरणारं गुड मॉर्निंग पथक उघड्यावर बसणाऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं. आत बसणाऱ्याची टाकी गळत असेल, तर त्याला फूल नको, पण एम-सीलची एक पुडी?

चिनी मातीची टाकी सहसा आपल्या मरणानं मरत नाही. भांड्यावर बसवताना मिस्त्री "अजून एक आटा देतो, साहेब" म्हणून पाना फिरवतो. टाकी तेव्हा बोलत नाही. मिस्त्री पैसे घेऊन गेला, पुढच्या गावाला लागला, की एक दिवस बोल्टापासून केसाएवढी रेघ वर चढताना दिसते. त्याला फोन केला तर तो गावालाच गेलेला असतो. दुकानदाराकडे जावं, तर तो मान हलवून सांगतो, "तडा नाही भाऊ, घाम आला असन टाकीले." थंड पाण्यानं टाकीला बाहेरून घाम येतो हे खरं आहे. पण घाम पुसला की जातो. हा घाम पुसताना फडक्याचा धागा रेघेत अडकतो.

मला या ओलाव्याचा न्याय काही समजत नाही. आमच्या सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की हमीभावाच्या केंद्रावरून पोतं परत. २०२४ मध्ये फारच ओरड झाली, तेव्हा केंद्र सरकारनं ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर नेली. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता म्हणे. कागदावर तरी होता. शेतकऱ्याचा माल ओला निघाला तर शेतकरी दोषी, आणि दुकानदाराचा माल ओला निघाला तरी शेतकरीच दोषी.

खिशात पैसे नसले, तर तडा कुठं आहे ते आधी पाहावं. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली असेल, तर फुकटचा उपाय आहे: जुन्या टाकीतल्या गोळ्याची पितळी दांडी हातानं थोडी खाली वाकवायची. गोळा लवकर तरंगतो, नळ लवकर बंद होतो, पाणी तड्याच्या खालीच थांबतं. पातळीच खाली आणली की प्रश्न सुटतो, हे २०१८ पासून केंद्राच्या यादीत 'आकांक्षित', म्हणजे मागास, असलेल्या आमच्या जिल्ह्याला शिकवायला नको. तडा तळाशी असेल, तर मात्र एम-सील. दोन रंगांच्या कांड्या एकच रंग होईस्तोवर मळायच्या, रेघ पॉलिश पेपरनं घासायची आणि लिंपायचं. अट एकच, टाकी कोरडी ठणठणीत हवी. एकबुर्जी धरणाच्या भरवशावर जगणाऱ्या वाशीम शहरात ही अट उन्हाळ्यात नगर परिषदच पुरी करून देते. तळाचा तडा लिंपून फार दिवस तग धरत नाही; पुढे प्लास्टिकची टाकी घ्यावीच लागते, आणि ती स्वस्त पडते. पण तिला पाहून पाहुणे काय म्हणतील, या काळजीपोटी लोक वर्षभर बादली वापरतात. वापरेनात का! जुनी टाकी एका ओढीला दहा लिटर ओतते, गावातल्या उतरत्या भांड्याला दोन लिटर पुरतात. टँकरच्या गावात दहा लिटर म्हणजे श्रीमंती.

तरी जिल्हा परिषदेनं टाकी सांधणी योजना काढावीच, अशी माझी जाहीर मागणी आहे. अर्जदारानं तड्याशेजारी उभं राहून फोटो काढावा. फोटोत तडा दिसला नाही, तर अर्ज बाद. फार ठळक दिसला, तर टाकी दुरुस्तीपलीकडची म्हणून बाद. मधल्यांची यादी ग्रामसभेत वाचावी, आणि ज्यांच्या घरी टाकीच नाही त्यांची नावं नेहमीप्रमाणे सर्वांत वर असावीत.