शिकवणी कुणाची?

पावसाळ्यात यवतमाळच्या काळ्या मातीचे दोन पंजे पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटले, की मालक कौतुकाने सांगतात, "काही करत नाही तो, प्रेमळ आहे." असेलही, पण उडी मारली की हात, नजर, निदान आरडाओरडा तरी पदरात पडतो, आणि कुत्र्याच्या हिशेबी ओरडा हीसुद्धा कमाईच. म्हणून पाठ फिरवावी, गप्प राहावं, चारही पाय जमिनीला टेकले की मगच लाड करावेत. "करून पाहिलं, जमलं नाही," ही तक्रार खरी आहे. जमेल कसं? घरातले चौघे पाठ फिरवतात आणि दारव्ह्याचे मामा "ये रे राजा" म्हणत मांडी थोपटतात. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय अधिकच चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर दाखवून दिलं. मटक्याचा आकडा लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुत्रं ऐकेल हो. मामांना सांगायचं कुणी?