पंचांचे कान, पाहुण्यांची गाडी

पुण्याजवळ भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात स्पर्धांचा मोसम सुरू झाला की पत्रिका ठरलेली असते. अमुक चषक, तमुक करंडक, बक्षिसाच्या रकमेपुढे शून्यांची रांग, निम्म्या कागदावर निमंत्रकांचे फोटो आणि तळाशी जाड ठशात 'भव्य ढोल-ताशा वादन'. खेळ कोणता हे वाचायला चष्मा लागतो. ढोल मात्र कुठे वाजणार हे विचारावं लागत नाही: सीमारेषेवर, पंचांच्या मागे आणि परवानगी मिळाली तर पंचांच्या डोक्यावर. आयोजकांचं तर्कशास्त्र सरळ आहे. ढोल म्हणजे उत्साह, उत्साह म्हणजे खेळ. सबब जितके ढोल तितका खेळ. या हिशेबाने साठ ढोल आणले तर खेळाडू आले नाहीत तरी स्पर्धा पार पडायला हरकत नसावी.

अडचण एकच आहे आणि ती कानाची आहे. आपल्या मातीतले दोन्ही लाडके खेळ नियमानेच कानावर चालतात. कबड्डीत चढाईला गेलेल्याचा दम पंचाला सलग आणि स्पष्ट ऐकू यावा लागतो. दम तुटला की चढाई संपली. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीला नुसता हात लावून भागत नाही, 'खो' तोंडाने आणि मोठ्याने द्यावा लागतो, आणि तो मिळायच्या आत गडी उठला तर फाऊल. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधणाऱ्या मंडळींनी पंचाला दोन चालते कान असतील असं गृहीत धरलं होतं. आता त्या कानांपासून पंधरा फुटांवर ताशाची तर्री सुटते आणि तिच्यामागून पन्नास टिपरू एकदम पडतात. मग पंच काय करणार? तो ओठांकडे बघतो. ओठ हलतायत म्हणजे दम चालू आहे. आत चढाईवाला कबड्डी म्हणतोय, सतराचा पाढा म्हणतोय की ठेकेदाराने थकवलेल्या ओव्हरटाइमबद्दल काही कुळकथा सांगतोय, हे त्याचं त्याला ठाऊक. खो-खोत तर आठ गडी पाठ दाखवून बसलेले असतात, तिथे ओठांचाही आधार नाही. यावर तोडगा याच पट्ट्यातून निघेल. शॉप फ्लोअरवर मशिन अडलं की खांबावरचा दिवा लागतो. तसाच एकेक दिवा आठही गड्यांच्या पाठीला बांधावा. खो मिळाला की हिरवा, चुकला की लाल, आणि पिवळा लागला तर मेंटेनन्सचा माणूस धावत येईल. क्रिकेटचं काय करायचं हे मात्र दिव्यानेही सुटत नाही. कंपनी चषकात कडेचा आवाज टिपणारं अल्ट्राएज नसतं, टेनिसचा चेंडू बॅटची कड घेऊन गेला तर आवाज होतो जेमतेम टिचकीएवढा, आणि नेमक्या त्या क्षणी पथकाचा 'दुसरा हात', म्हणजे पुढचा ठेका, सुरू झालेला असतो. यष्टिरक्षक ओरडतो, फलंदाज आकाशाकडे बघतो, आणि पंच, बिचारा, ताशेवाल्याकडे. कारण मैदानावर कुठल्याही संघाचा नसलेला तेवढा एकच माणूस उरलेला असतो.

कानाचं महत्त्व या भागाला कुणी शिकवावं असंही नाही. प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकायच्या आधी इअरप्लग हातात ठेवतात. 90 डेसिबलला आठ तास, 100 ला दोनच तास, 115 ला पंधरा मिनिटं आणि त्याच्या वर विनासंरक्षण अजिबात नाही, हे कोष्टक भिंतीवर लावलेलं असतं. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य रोग आहे. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरला तो सरकारला कळवावा लागतो. सोमवार ते शनिवार ही सगळी काळजी घेऊन रविवारी त्याच कामगाराला, त्याच कंपनीचा टी-शर्ट घालून, पथकाच्या ऐन तोंडाशी उभं केलं जातं. साप्ताहिक सुटी कानाच्या पडद्यालाही असते, असा बहुधा व्यवस्थापनाचा समज आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 डेसिबलची मुभा देतात, निवासी भागात 55 ची. मैदानाच्या भिंतीला लागून ज्या खोल्या आहेत त्या यातल्या कुठल्या क्षेत्रात मोडतात यावर वाद घालता येईल, पण त्या खोल्यांत झोपलेल्या माणसाला वाद घालायची ताकद नसते. तो तिसरी पाळी करून सकाळी येऊन पडलेला असतो. कायद्याची रात्र दहा ते सहा. त्याची रात्र आठला सुरू होते, आणि नऊला उद्घाटनाचा पहिला ठेका पडतो. ज्याच्या घामावर हा पट्टा चालतो त्याची झोप कुठल्याच नियमात बसत नाही. त्याच्या नावाने चषक ठेवतात, 'कामगार करंडक', आणि त्यालाच झोपू देत नाहीत. याला उत्साह म्हणायचं असेल तर निर्लज्जपणा कशाला म्हणायचं ते तरी ठरवून घ्या.

यावर उत्तर तयार असतं: ही आपली परंपरा आहे. परंपरा आहे, पण ती नीट बघा. कुस्तीच्या मैदानात हलगी आणि घुमकं पिढ्यान् पिढ्या वाजतंय आणि कुठल्याही वस्तादाने त्याला हरकत घेतलेली नाही. कारण दोन आहेत. पाठ मातीला लागली की नाही हे डोळ्यांना दिसतं, पंचाला कानाची गरज नाही. आणि हलगीवाला कुस्ती बघत असतो. खडाखडी चालू असेल तर तो संथ राहतो, पकड बसली की लय चढवतो, पैलवान चीत झाला की कडकडाट करतो. पैलवान त्याच्या तालावर नाचत नाही, तो पैलवानाच्या मागे जातो. आपल्या स्पर्धांत पथकाला बहुतेक वेळा मैदानाकडे पाठ करून उभं करतात, कारण तोंड स्टेजकडे हवं. दुसरं उत्तर असं की जगभर हेच चालतं. तेही अर्धंच खरं. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या वुवुझेलांनी जगाचं डोकं उठवलं आणि युरोपीय फुटबॉलने त्याच वर्षी आपल्या स्पर्धांमध्ये त्यांच्यावर बंदी घातली. उलट 2007 साली वेस्ट इंडीजमधल्या क्रिकेट विश्वचषकात वाद्यांना आगाऊ परवानगीची अट आली, तर गॅलऱ्या मुक्या झाल्याची तक्रार खुद्द तिथल्याच लोकांनी केली. तेव्हा ढोल हद्दपार करा असं इथे कुणी म्हणत नाही.

उलट, या सगळ्यात सर्वांत जास्त अन्याय होतो तो पथकावर. आपल्याकडे भांडण नेहमी संख्येचं. गणेशोत्सवात पथकात किती वादक असावेत यावर 2024 साली हरित लवादाने तीसची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि चहाच्या टपरीवर आठवडाभर सगळे कायदेपंडित झाले. पण वाजवायचं कधी आणि कुणासाठी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. स्पर्धेत त्याचं उत्तर ठरलेलं आहे: पाहुण्यांची गाडी आल्यावर, पाहुण्यांसाठी. पाहुणे अकराला येणार असतात म्हणून पोरं-पोरी दहालाच पुन्हा आठ-दहा किलोंचा ढोल कमरेला बांधून, दोऱ्या ओढून, पानं ताणून एप्रिलच्या उन्हात उभी राहतात. पाहुणे चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेले असतात. तिथे कोण अडकत नाही? साडेबाराला कुणीतरी हाळी देतं, "आले आले, एक हात होऊन जाऊ द्या!" आणि आत कितीही रंगात आलेला सामना असो, ढोल पेटतात. दारावरच्या घंटीचं काम करायला पन्नास जण दोन-तीन महिने सराव करतात, हाताला फोड आणून घेतात, आणि बदल्यात मिळतो एक वडापाव, तोही पाहुण्यांचा नाश्ता उरकल्यावर. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असतात, खरा ठेका तेव्हा लागतो. तेव्हा डीजेवाल्याने भिंतीएवढे स्पीकर लावून पथकाला केव्हाच गप्प केलेलं असतं.

वेळा शोधायलाही फार अक्कल लागत नाही. लोण चढला, गडी बाद झाला, डाव संपला, मध्यंतर झालं, की वाजवा हवं तेवढं. तेव्हा पंचाला काही ऐकायचं नसतं आणि प्रेक्षकांना ऐकायचं असतं. पथकप्रमुखाला फक्त मैदानाकडे तोंड करून उभं राहू द्यावं लागेल. हे अनेक आयोजकांना तत्त्वतः मान्यही असतं. अडतं एकाच ठिकाणी. मध्यंतरात शाल-श्रीफळाचे सत्कार असतात, यादी लांबलचक असते, आणि त्या वेळी ढोलावर नुसतं बोट आपटलं तरी स्टेजवरून खूण येते. नावं नीट ऐकू यायला हवीत ना.