वेगवान लॅपटॉप संथ करण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात नवाकोरा लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स सुरळीत चालतंय आणि कशाचीच तक्रार नाही? लक्षण चांगलं नाही. पुढील उपाय करावा.

१. साहित्य : डॉसबॉक्स हा जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा, फुकट मिळणारा इम्युलेटर, एका फ्लॉपीत मावणारा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ (डॉसवर आगमन १९९०) आणि मोकळा रविवार.

२. मांडणी : डॉसबॉक्स उघडताच काळी खिडकी येते. तिला तुमची हार्डडिस्क दिसत नाही. 'माउंट सी' लिहून पुढे फोल्डरचा पत्ता द्यावा, म्हणजे तो फोल्डरच सी ड्राइव्ह असल्याची तिची समजूत होते. फाइलच्या नावाला आठ अक्षरं, टिंब, मग तीन अक्षरं एवढीच मुभा. 'फायनल_नवीन_खरंच_फायनल' अशी नावं ठेवणाऱ्यांनी इथे संयम पाळावा.

३. वेग उतरवणे : कंट्रोल आणि एफ ११ दाबल्यास वेग घटतो, एफ १२ ने वाढतो. फार घटवला तर राजपुत्र उडी मारताना विचारात पडतो. फार वाढवला तर आवाज फाटतो. खिडकीत अडकलेला माउस कंट्रोल आणि एफ १० ने सुटतो. शेजारच्या एफ ९ वर बोट गेल्यास डॉसबॉक्स एक शब्दही न विचारता बंद होतो. तसं झाल्यास क्रमांक २ पासून पुन्हा वाचावं.

४. प्रत्यक्ष खेळ : राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळतो, कारण खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर याने धाकट्या भावाला पळवून, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून ही चित्रं काढली. पहिल्या पातळीवर तलवार आधी शोधावी. पहारेकऱ्याशी रिकाम्या हाताने बोलणी होत नाहीत. पुढे अक्षरं लिहिलेल्या बाटल्या दिसल्या, तर छापील पुस्तिकेत पाहून योग्य ती प्यावी. चुकीची प्यायल्यास राजपुत्राच्या जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे फ्लॉपी मित्राकडून यायची, पुस्तिका कोणाकडूनच नाही. इम्युलेटर ही अडचणही हुबेहूब जपतो.

५. खबरदारी : राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं मिळतात. मेल्यावर पातळी पहिल्यापासून सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. खेळ जतन करण्याची सोय तिसऱ्या पातळीपासून आहे, तोवर जेवायला हाक आली तरी ऐकू येता कामा नये.

६. 'अजून किती वेळ?' असं स्वयंपाकघरातून विचारलं गेल्यास स्पेसबार दाबावा. उरलेली मिनिटं पडद्यावर येतात. तेवढा आकडा सांगावा, राजकन्येचा उल्लेख टाळावा.